पदराआडचे तोंड



या अंकात मुलींच्या वसतिगृहाविषयी लिहायचे ठरले होते, ते पुढच्या तिमाहीत लिहीन. या वेळी अशा एका गोष्टीबद्दल लिहिते आहे, जिच्याविषयी मंडळीत कोणी मोठ्याने बोलत नाही. ती म्हणजे तोंडाला येणारी दुर्गंधी. विषय ऐकून काहींना हसू येईल. मलाही पूर्वी आले असते.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर दर गुरुवारी दुपारी आपली बायकांची प्रार्थनासभा असते. तिथे तिशीतली एक वारली बहीण यायची. ती नेहमी दाराशी बसे. गाणे सुरू झाले की पदराचे टोक ओठांवर धरूनच गायची. मला वाटे, लाजाळू आहे. एका गुरुवारी तिने आजारी मुलासाठी प्रार्थना मागितली, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन गुडघे टेकले. ती काहीतरी सांगू लागली आणि मी मान वळवली. मुद्दाम नाही, पण वळवली. पुढची सगळी प्रार्थना मी दुसरीकडे तोंड करून केली. तिला ते कळले. नंतरचे तीन गुरुवार ती आली नाही.

चौथ्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर नागली पाखडत होती. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मी सरळ विचारले, "बाई, तोंड दुखतं का?" ती म्हणाली, "दुखत नाय ताई, नुसता वास येतो." मग एकेक सांगत गेली. दोन-तीन वर्षे झाली होती. नवरा ओट्यावर झोपू लागला होता. धाकटी मुलगी जवळ घेतले की नाक दाबायची. शेजारणींनी सांगितले, पोटात घाण साठली आहे, म्हणून बाजारातून जुलाबाची पुडी आणून तीन वेळा घेतली. भगताकडेही जाऊन आली. आणि हे लिहायला मला संकोच वाटतो, पण आपल्याच एका मोठ्या सभेत कोणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुष्ट आत्मा निघून जावा म्हणून प्रार्थना केली होती. या सगळ्यात तिच्या तोंडात मात्र एकानेही डोकावून पाहिले नव्हते.

मी तिला दारातल्या उजेडात बसवले आणि तोंड उघडायला सांगितले. मी डॉक्टर नाही, माझी पदविका ईश्वरविज्ञानाची आहे. तरी मलाही दिसले. हिरड्या गुलाबी नव्हत्या, जांभळट लाल आणि फुगलेल्या होत्या. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला दगडासारखा पिवळा-काळा थर होता. दोन दात बोटाने हलत होते. दात घासताना रक्त येते म्हणून त्या बाजूला बोट लावायचेच तिने सोडून दिले होते.

इथेच सगळी गोम आहे. रक्त येते म्हणून घासायचे नाही, घासत नाही म्हणून रक्त वाढते.

पुढे मुंबईहून आरोग्य शिबिरासाठी आलेल्या एका दंतवैद्य बाईंनी मला हे नीट समजावून सांगितले. त्यातले जेवढे समजले तेवढे माझ्या शब्दांत मांडते.

आपल्या तोंडात असंख्य जिवाणू असतात. ते सगळ्यांच्याच तोंडात असतात, पाळकसाहेबांच्याही. दात घासल्यावर काही तासांतच त्यांचा चिकट, पातळ थर दातांवर पुन्हा बसू लागतो. अन्नाचे कण, गळून पडणारी कातडी, रक्त यांतली प्रथिने हे जिवाणू कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. कुजलेल्या अंड्याला येतो त्याच जातीचा हा वास. रात्री लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते, म्हणून सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला थोडा वास येतोच. चूळ भरली, खाल्ले की तो जातो. तो आजार नव्हे. कांदा-लसूण, सुके बोंबील किंवा मोहाची दारू यांचा वासही काही वेळाने जातो. पण वास रोज, दिवसभर, महिनोन्महिने टिकून राहत असेल तर कारण शोधले पाहिजे. ते कारण दहातल्या आठ-नऊ जणांच्या बाबतीत तोंडातच सापडते: जिभेच्या मागच्या भागावरचा थर, किडलेले दात आणि हिरड्यांचा रोग. पोटाला आपण उगीचच दोष देतो. पोटामुळे कायमचा वास येणे फार क्वचित घडते.

दातांवरचा तो मऊ थर रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत घट्ट होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण खडबडीत असते, त्यामुळे त्यावर नवा थर आणखी पटकन धरतो. हिरडीच्या कडेला हे साचले की हिरडी सुजते, लाल होते, तिच्यातून रक्त येते. ही पहिली पायरी, आणि इथवर सगळे परत फिरवता येते.

पुढची पायरी आतली आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. सूज टिकून राहिली की हिरडी दातापासून सुटू लागते आणि फट ४, ५, ६ मिलिमीटर, कधी त्याहूनही खोल होते. तिथे ब्रश पोहोचत नाही, दातण पोहोचत नाही, हवाही पोहोचत नाही. हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणूच सर्वांत घाण वायू सोडतात. साचलेल्या डबक्याचा गाळ काठीने ढवळला की कसा वास येतो, तसेच हे. आणि याच कप्प्यांत दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड हळूहळू झिजते. मी पाड्यावर समजावताना घराच्या मेढीचे उदाहरण देते. मेढ चांगली सागाची आहे, कीड नाही, पण बुडातली माती दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून गेली तर ती एक दिवस डोलणारच. पायरियाने पडणारे दात पुष्कळदा असेच असतात, एकही भोक नसलेले. आजी अभिमानाने सांगतात, "माझा एकही दात किडला नव्हता, आपोआप पडले." ते आपोआप पडलेले नसतात.

यात दुखत जवळजवळ नाही, हीच अडचण आहे. किडका दात ठणकतो आणि माणसाला रात्री उठवून बसवतो, तेव्हा तो दवाखाना गाठतो. हिरड्यांचा रोग वर्षानुवर्षे न ठणकता चालतो. घासताना येणारे रक्त आणि जवळच्या माणसाला येणारा वास एवढ्याच त्याच्या खुणा. त्यातही आपल्या नाकाला आपल्याच तोंडाच्या वासाची सवय झालेली असते. बाईंनी एक साधी युक्ती सांगितली: मनगट चाटावे, ते वाळू द्यावे आणि मग हुंगावे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे घरातल्या विश्वासाच्या माणसाला विचारणे. पण विचारायला धीर लागतो आणि खरे सांगायला त्याहून जास्त.

या विषयातले दोन अभ्यास मला त्या बाईंकडून कळले, आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेले नाहीत. पहिला डेन्मार्कमधल्या आरहूस शहरातला. तिथे हॅराल्ड लो या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे चांगले खाऊन-पिऊन असलेल्या, शिकलेल्या माणसांनासुद्धा तीन आठवडे पुरले.

दुसरा अभ्यास श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचा. तिथले ४८० तमिळ मजूर, सगळे पुरुष. ना ब्रशची सवय, ना कधी दंतवैद्य पाहिलेला. याच लो यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७० पासून १५ वर्षे त्यांच्या तोंडांची पुन्हा पुन्हा तपासणी केली. थर, कीटण आणि सूज सगळ्यांच्याच तोंडात होती. पण १०० पैकी साधारण ८ जणांमध्ये रोग झपाट्याने वाढला आणि तरुणपणीच दात गळू लागले. ८१ जणांमध्ये तो मध्यम गतीने वाढला. आणि उरलेल्या ११ जणांचे प्रकरण हिरडीच्या सुजेपुढे गेलेच नाही.

मी हा ११ चा आकडा ऐकला तेव्हा माझ्या बहिणीची आठवण झाली, पदर धरून बसणारी ती. तिच्या शेजारची बाई तेच खाते, तीच मशेरी लावते, तशीच भट्टीवर जाते, आणि तिचे दात चाळिशीतही घट्ट आहेत. घाणेरडी राहते म्हणून हिला वास येतो, असे पाड्यावर बोलले जायचे. बाईमाणसाच्या बाबतीत असे बोलायला जीभ लवकर उचलते. स्वच्छता महत्त्वाची आहे, ती नाकारत नाही. पण सारख्याच अस्वच्छतेत कोणाच्या वाट्याला काय येईल, ते त्याच्या शरीराच्या घडणीवरही असते. बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यांत हिरड्या जास्त सुजतात. मधुमेह असेल तर हा रोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो आणि हिरड्यांच्या सुजेमुळे साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते. हे शेवटचे वाक्य शहरातल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिले. गोळ्या वेळेवर घेणारे आपले कितीतरी वडीलधारे हिरड्या कधीच दाखवत नाहीत.

ईश्वरविज्ञानाच्या वर्गात ईयोबाचे पुस्तक शिकत होतो तेव्हाची एक आठवण आहे. १९ व्या अध्यायात तो आपल्या दुःखांची यादी सांगतो: भाऊ दुरावले, ओळखीचे परके झाले, चाकर हाकेला ओ देत नाहीत. त्यातच तो म्हणतो की बायकोलाही आपला श्वास नकोसा झाला आहे. मागच्या बाकावरची मुले हसली आणि शिक्षक पुढच्या वचनावर गेले. मीही हसले होते. ओट्यावर झोपणाऱ्या नवऱ्याची गोष्ट ऐकताना मला ते हसणे आठवले. ज्याने ती यादी सांगितली त्याला काय सांगायचे होते ते मला इतक्या वर्षांनी कळले.

आता थोडे मशेरीविषयी, कारण ती टाळून हा लेख खोटा ठरेल. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजून कुटतात आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळतात. आमच्या भागात बायका सकाळी लावतात, पुष्कळजणी दुपारी आणि रात्रीही. लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, असे सांगतात. दात स्वच्छ होतात, असेही सांगतात. प्रत्यक्षात जिथे पूड चोळली जाते तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. तोंडाच्या कर्करोगाचे भय वेगळेच. बिडीचा प्रकार आणखी फसवा आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे पुरुषांना वाटते आपले ठीक आहे, आणि आत हाड झिजत असते.

माझ्या बहिणीला मी पहिल्याच दिवशी मशेरी सोडायला सांगितले, तेव्हा ती गप्प बसली. नंतर कळले की मशेरी लावली की भूक मरते, आणि भट्टीवर दुपारचे जेवण उशिरा मिळते. यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते.

आणखी एक कबुली. काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी अनेकांनी पाठवलेल्या देणगीतून आम्ही पाड्यापाड्यांवर ब्रश आणि पेस्ट वाटली होती. मुले ब्रश उंच धरून उभी आहेत, असा फोटोही छापला होता. आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आजही आभारी आहोत. पण दोन महिन्यांनी मी घरोघरी गेले तेव्हा पेस्ट संपली होती, कित्येक घरांत एकच ब्रश सगळे वापरत होते आणि एका घरी तो कंदिलाची काच पुसायला ठेवला होता. ज्यांच्या दातांवर आधीच कीटण दगडासारखे बसले होते, त्यांना तर त्या ब्रशचा विशेष उपयोगही नव्हता. घट्ट झालेले कीटण कोणत्याही ब्रशने, पेस्टने, मिठाने किंवा कोळशाने निघत नाही. ते दंतवैद्याने हत्यारानेच काढावे लागते. चूळ भरायची रंगीत औषधे, लवंग, वेलची यांनी वास तासभर झाकला जातो, एवढेच.

दंतवैद्य ग्रामीण रुग्णालयात असतात, तिथे खर्चही फारसा नाही. खर्च आहे तो जाण्या-येण्याच्या भाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा, आणि एका फेरीत काम होत नाही. म्हणून मागच्या वर्षापासून आम्ही तुमच्या देणग्यांतला काही भाग ब्रशऐवजी यावर खर्च करतो: पाच-सहा जणी एकदम, एक जीप, सोबत एक कार्यकर्ती. हिशेब कार्यालयात पाहायला मिळेल.

सर्वांत मोठी भीती मात्र पैशांची नसते. "कीटण काढलं की दात हलायला लागतात," हे वाक्य मला प्रत्येक पाड्यावर ऐकू येते, आणि शहरातल्या मंडळीतही. खरे असे आहे की हाड आधीच झिजलेले असते, हिरडी सुजलेली असते, आणि मधल्या कीटणाने दात एकमेकांना सिमेंट लावल्यासारखे जोडलेले असतात. कीटण निघाले की जे आधीपासून होते ते दिसू लागते. दातांत फटी वाटतात, काही दिवस थंड पाणी झोंबते. सूज उतरली की हिरडी पुन्हा दाताला घट्ट बसू लागते. गेलेले हाड मात्र आपोआप परत येत नाही, आणि म्हणूनच लवकर जायचे.

घरी काय करायचे ते फार नाही. मऊ ब्रश, प्रत्येकाचा वेगळा, फ्लोराइड असलेली साधी पेस्ट, दिवसातून दोन वेळा. त्यात रात्रीची वेळ चुकवू नये. हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या कडेवर ब्रश हळू फिरवावा. रक्त आले तरी थांबू नये, हळुवारपणे करत राहावे. नुसती सूज असेल तर एक-दोन आठवड्यांत रक्त थांबते. नाही थांबले तर दंतवैद्याला दाखवावे. जीभ मागपर्यंत साफ करावी. कडुनिंबाची किंवा करंजाची दातण वापरणाऱ्यांना मी ती सोडा असे म्हणत नाही. टोक चांगले चावून मऊ कुंचा करावा आणि आतल्या बाजूनेही फिरवावी, एवढेच सांगते. विटेची भुकटी, राख आणि कोळसा मात्र नको. हे सगळे करूनही, हिरड्या आणि दात ठीक असूनही वास राहिला तर घसा, नाक तपासून घ्यावे. साखर फार वाढली असता किंवा मूत्रपिंड बिघडले असता श्वासाला वेगळाच वास येतो. अशा वेळी थांबू नये.

त्या बहिणीला घेऊन मी तीन वेळा गेले. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी हलणारे दोन दात काढले, ते वाचण्यासारखे नव्हते. पुढच्या दोन खेपांत वरचे आणि खालचे कीटण काढले. दुसऱ्या खेपेनंतर परत येताना जीपमध्ये तिने पदर सोडून माझ्याशी बोलायला सुरुवात केली आणि जव्हारपासून पाड्यापर्यंत थांबलीच नाही. इतके बोलणारी बाई आहे हे मला माहीतच नव्हते. बहुतेक सासूविषयी बोलत होती.

सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. पावसाच्या तोंडावर परत आली तेव्हा पुढच्या हिरड्या पुन्हा लाल होत्या. मशेरी तिने दिवसातून तीनदाची एकदा केली आहे, सोडलेली नाही. वास पूर्वीसारखा नाही. नवरा घरात झोपतो, हे तिने मला सांगितले नाही, तिच्या सासूने सांगितले.

गुरुवारी ती अजूनही दाराशीच बसते. तिथे वारा येतो म्हणते.

लावणी आटोपली की ऑगस्टमध्ये तिला पुन्हा दाखवायचे आहे. मी सोबत जाणार आहे. तिने मला विचारले, "ताई, तुमचं कधी काढलंत?" मी कधीच काढलेले नाही. डॉक्टरांकडे दोघींची नावे लावली आहेत.